एका मताचा संप

एकशे एकोणीस विरुद्ध एकशे अठरा.

शनिवारी दुपारी पॅकिंगच्या लांब टेबलावर व्याह्यांनी चिठ्ठ्या तीन वेळा मोजल्या आणि तिन्ही वेळा संप एका मताने जिंकला. सोमवारी सकाळी सहाच्या पाळीपासून काम बंद. रविवारी दादाने आम्हाला घरी बोलावलं. फोनवर म्हणाला, जेवायलाच या. आमच्याकडे कोणाला फैलावर घ्यायचं असलं की जेवायला बोलावतात, म्हणून मी निघताना घरूनच पोटभर खाऊन निघालो.

व्याही म्हणजे आमच्या सूनबाईचे वडील आणि आमच्याच कारखान्याच्या युनियनचे अध्यक्ष. दादाच्या मुलाने त्यांच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा दादाला वाटलं, युनियन आता आपल्या घरात आली. अध्यक्षांना वाटलं, मालकाचं घर आता युनियनमध्ये आलं. खरं तर दोघांनाही खूश व्हायचं काही कारण नव्हतं, कारण आमचं घर पहिल्यापासून युनियनमध्येच होतं.

ही बाबांची करणी. तरुणपणी ते एका बेकरीत कामाला होते आणि युनियन काढली म्हणून तिथून हाकलले गेले. स्वतःचा केकचा कारखाना काढला तेव्हा त्यांनी भट्टीच्या आधी युनियन आणली. कारखान्यात दोन माणसं होती तेव्हा युनियनमध्ये तीन होती, कारण तिसरे मालक स्वतः. एकतीस कलमांची नियमावली त्यांनी आपल्या हाताने लिहिली आणि त्यात एक कलम असं घातलं की घरातल्या प्रत्येकाने एक वर्ष कामगार म्हणून राबायचं, युनियनचं कार्ड घ्यायचं, आणि ते कार्ड मरेपर्यंत चालेल. हे कायद्यात बसतं का, असं वकिलाला विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. त्यामुळे आमच्याकडे संपाच्या मतदानाला मालकही रांगेत उभे राहतात, आणि मध्ये घुसले तर ओरडाही खातात.

संप कशासाठी, तर केक फार दिवस टिकणार म्हणून. आमची 'जोडी' म्हणजे एका पाकिटात क्रीम भरलेले दोन छोटे केक. ते बारा दिवस टिकतात. म्हणून चाळीस व्हॅनवाले रोज पहाटे माल भरतात, दुकानं पालथी घालतात, ताजी पाकिटं मांडतात आणि तारीख उलटलेली परत आणतात. दादा आता नवं यंत्र आणणार होता. ते पाकिटात हवेऐवजी दुसराच वायू भरतं आणि केक चार महिने टिकतो. चार महिने टिकणाऱ्या केकची रोज कोण विचारपूस करणार? महिन्यातून एकदा ठेकेदाराचा ट्रक जाईल आणि चाळीसातले पस्तीस जण घरी बसतील.

मी या घराण्याचा विक्री संचालक. म्हणजे विक्री ते चाळीस जण करतात आणि संचालक मी असतो. शिवाय प्रत्येक घाण्याची चव घ्यायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी किती मन लावून करतो हे माझ्या पट्ट्याच्या भोकांवरून कळतं. नव्या पाकिटातला केक मी शंभराव्या दिवशी खाल्ला होता. पहिल्या दिवशी लागला तसाच लागला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मी दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, लेखी दे. मी दिलं नाही.

त्याआधी मंगळवारी दादाकडच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही पाच कार्डवाले बसलो होतो. आई, आत्या, दादा, मी आणि सूनबाई. दादाचा मुलगा यंत्र बघायला परगावी गेलेला. वहिनींकडे कार्डच नाही. त्यांचं कामगार-वर्ष आधी कंबरदुखीमुळे, मग बाळंतपणामुळे आणि मग बाबाच गेल्यामुळे राहून गेलं. दादाने एकेकाला विचारलं आणि एकेकाने संपाच्या विरोधात मत द्यायचा शब्द दिला. सूनबाईने शेवटी दिला आणि अगदी हळू आवाजात. ती पॅकिंगची सुपरवायझर, अठराव्या वर्षी त्याच पट्ट्यावर कामाला लागलेली. तिच्या हाताखाली वीस बायका, त्यातल्या दोघींचे नवरे व्हॅन चालवतात. तिला हा शब्द जड गेला असणार हे दिसत होतं. आम्हाला काही जड गेलं नाही.

आणि आता एका मताने घात झाला होता. घरातल्या एकाने जरी शब्द फिरवला असेल तर संप त्याच्यामुळे झाला, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं.

वहिनींनी वाढलं. कोणी जेवेना. मी घरून खाऊन आलो होतो हे लपवण्यासाठी मला एकट्याला दोनदा वाढून घ्यावं लागलं.

दादाने सुरुवात बाबांपासून केली, ती आमच्यात सगळेच करतात. बाबांनी काय कष्ट काढले, कारखान्याची आता काय अवस्था आहे, मोठ्या कंपन्यांचे केक कसे दुकानात महिनोन् महिने आरामात बसून राहतात. मग म्हणाला की कोणावर आरोप करायचा नाही. हे वाक्य झालं आणि सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. मीही पाहिलं. खरं सांगायचं तर मी जरा जास्तच वेळ पाहिलं, कारण तिच्याकडे पाहणारा माणूस स्वतः संशयात येत नाही.

वहिनींनी फ्रिजवरून एक कागद आणला. तो त्यांनी सकाळीच टाइप करून ठेवला होता. त्यात सूनबाई पॅकिंगची जागा स्वेच्छेने सोडत होती आणि युनियनचं कार्ड परत करत होती. 'स्वेच्छेने' हा शब्द दोनदा होता.

वहिनींना दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि मी बरीच वर्षं ते केलंही. पण त्या दिवशी त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी पुढे मला सांगितलं. या घरात येऊन त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि युनियनचा विषय निघाला की आजही त्यांना चहा टाकायला उठावं लागत होतं, कारण मत फक्त कार्डवाल्यांचं. आणि कालची सून, जिला त्यांनी स्वतः पसंत केलं, ती कार्ड घेऊनच घरात आलेली. आज पहिल्यांदा कार्ड नसण्याचा त्यांना उपयोग होत होता. टेबलावर संशयाच्या बाहेर असलेल्या त्या एकट्याच होत्या आणि ती संधी त्या सोडणार नव्हत्या.

"तू त्यांची मुलगी आहेस, मी समजू शकते," वहिनी म्हणाल्या. "मीही कोणाची तरी मुलगी आहे. पण शब्द दिल्यावर असं करायचं नसतं."

सूनबाईने कागद वाचला आणि ताटाशेजारी नीट ठेवला.

दादाने विचारलं, "मत कुठे दिलंस, ते सांग. एवढंच सांग. मग हा कागद मी ठेवून देतो."

"नाही सांगणार, बाबा." सासऱ्यांना ती बाबा म्हणते, वडिलांना अप्पा.

"का?"

"मतदान गुप्त असतं. मोजणाऱ्यालाही विचारायचा हक्क नसतो, असं आमच्या अप्पांनी शिकवलंय. तुम्हीही विचारू नका."

दादाचा चेहरा पडला. मला तेव्हा वाटलं रागाने पडला. ती आपणहून फाशीचा दोर गळ्यात घालून घेते आहे असं मला दिसत होतं, आणि एका वाक्यात मी तो काढू शकत होतो. ते वाक्य फार लांबही नव्हतं. 'मी होय लिहिलं.' तीन शब्द. मी पाणी प्यालो.

हो, मीच. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं की मीच. मतदानाच्या आडोशाला उभा राहिलो तेव्हा बाहेर व्हॅनवाले रांगेत होते. त्यांनी मला 'या साहेब' म्हणून पुढे घेतलं होतं, त्यांच्या नोकऱ्या जायला चार दिवस राहिलेले असताना. मी विचार केला, घरचे चौघे विरोधात देणारच आहेत, संप पडणारच आहे, मग माझ्या एका मताने काय बिघडतं? पुढे आयुष्यभर मनातल्या मनात म्हणता येईल की मी यांच्या बाजूने होतो. कोणाला कळणार नाही, काही सोसावं लागणार नाही, आणि सद्सद्विवेकबुद्धी पाकिटात सुरक्षित. असा हा माझा विचार चार महिने टिकला असता. तो चोवीस तासही टिकला नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आत्या मिठाच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत होती. आत्याचं कार्ड चार नंबरचं. बाबांनंतर हयात असलेली सगळ्यात जुनी सभासद तीच. तिचं कामगार-वर्ष अकरा वर्षं चाललं, कारण तिला क्रीमच्या यंत्रावरून हलायचंच नव्हतं. आत्या सत्तरीची आहे. आजवर कारखान्यात सहा वेळा संपाचं मतदान झालं, दोनदा तर स्वतःच्या भावाविरुद्ध, आणि सहाही वेळा तिने होय लिहिलं होतं. मंगळवारी तिने शब्द दिला तो दिला, पण शनिवारी हातात पेन्सिल आली आणि हाताने आपलं नेहमीचं काम केलं. तिच्याही मनात तोच हिशेब होता: चौघं आहेत की विरोधात. म्हातारीने एकदा जुन्या सवयीने लिहिलं तर आभाळ कोसळणार नाही.

सूनबाईने वहिनींकडे पेन मागितलं. कागदावर सही करायला.

तेव्हा आत्याने मिठाची बाटली खाली ठेवली. "ठेव ते पेन. मी दिलं मत. संपाला."

दादा म्हणाला, "आत्या, तिला वाचवायला काहीतरी सांगू नकोस."

"अरे, तिला वाचवायला कशाला? मी काय तिची वकील आहे? दिलं मी मत. क्रीमच्या यंत्रावर अकरा वर्षं होते, तेव्हा एकदाही विरोधात दिलं नाही. आता मरताना कुठे सवय बदलू."

वहिनींनी कागद थोडा आपल्याकडे ओढला. माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, सुटलो. आत्याचं ते एक मत. मोजणी जुळली. आता मी बोलायची काही गरजच उरली नाही.

पण आईने कानातलं यंत्र सारखं केलं. आई अशा वेळी ते बंद करून बसते, असा आमचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती ते बंद केल्यासारखं करते.

"मीही दिलंय," आई म्हणाली.

दादा आईला म्हणाला की तुला कदाचित चिठ्ठी नीट वाचता आली नसेल, गेल्या महिन्यातच डोळ्याचं झालंय. आईने त्याला सांगितलं की डोळ्याचं झालं तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन जाणारा आणि पट्टी सोडायला परत नेणारा सात नंबरच्या फेरीचा व्हॅनवाला होता. आई वेगळी, एकटी राहते आणि तो रोज साडेआठला तिच्या दाराशी थांबतो. पाकीट देतो, दहा मिनिटं बसतो, गुडघ्याची चौकशी करतो आणि जातो. तिच्याकडे रोज येणारा माणूस तेवढा एकच. पस्तीस जणांच्या यादीत त्याचं नाव नवव्या नंबरवर होतं. यादी माझ्या सहीने निघाली होती आणि सही करताना मी नावं वाचली नव्हती.

"तुम्ही दोघं रविवारी येता," आई म्हणाली. "तेही बोलावलं तर."

दादा कारखान्याचा मालक आहे आणि मी संचालक, पण त्या क्षणी आम्ही दोघं पानात घेतलेलं न संपवणारी मुलं होतो. मी तर दोनदा घेतलेलं.

आता दोघींनी कबूल केल्यावर धैर्य बरंच स्वस्त झालं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मीसुद्धा." मला वाटलं होतं मोठा स्फोट होईल. वहिनी फक्त म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं मला आश्चर्य वाटत नाही." एवढ्यावर माझ्या बंडखोरीची दखल संपली.

वहिनी दादाकडे वळल्या. आता त्याने उठून काहीतरी बोलावं असं त्यांना हवं होतं. आई, आत्या, भाऊ, तिघांनी शब्द मोडलेला, आणि हा एकटा मालक माणूस आपल्या कारखान्यासाठी उभा. दादा उठला खरा. तो खिडकीपाशी गेला, तिथून परत आला, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

दादाचं मन मला कधीच नीट कळलं नाही. लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो आणि तो झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या घालायचा. त्याने कामगार-वर्ष व्हॅनवर केलं होतं, अकरा नंबरच्या फेरीवर, आणि ते वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं असं तो एकदाच, तापात बोलून गेला होता. यंत्राची योजना त्याने स्वतः मांडली. सल्लागार बोलावला, आकडे काढले, सगळ्यांसमोर जाहीर केली. त्यानंतर एक दिवसही त्याला नीट झोप लागली नाही. पण जाहीर केलेलं मागे कसं घ्यायचं? कोणीतरी अडवायला हवं होतं. मंगळवारी त्याने आम्हाला एकेक करून विचारलं ते त्यासाठी, हे त्याने नंतर सांगितलं. त्याला वाटलं होतं, पाचातला एक तरी म्हणेल की दादा, राहू दे हे. आम्ही सगळ्यांनी पटापट माना हलवल्या.

मग शनिवारी आडोशाला तो एकटाच उभा राहिला. त्याने हिशेब केला की घरची चार मतं विरोधात आहेत, संप तर पडणारच. पण थोडक्यात पडला, तर 'कामगारांचा एवढा विरोध आहे' म्हणून आपल्याला यंत्राचं पुढे ढकलता येईल, आणि आपली मानही खाली जाणार नाही. त्यासाठी थोडी मदत करावी.

"माझंही मत संपालाच आहे," दादा म्हणाला.

वहिनी खाली बसल्या. मालकाने स्वतःविरुद्ध संपाला मत दिलं होतं आणि संप एका मताने निवडून आला होता. भिंतीवरच्या फोटोतले बाबासुद्धा एवढे युनियनवाले नव्हते. आत्याला आधी हसू फुटलं, मग आईला, मग मला. दादाला हसावं की रडावं कळेना, तरी ओठ हलले. आणि हसता हसता वहिनींना हायसं वाटलं. त्यांनी तो कागद चुरगळला, सूनबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. म्हणजे पाचही जण एका माळेचे मणी. मी एकटीच वेडी."

"पाच नाही, आई," सूनबाई वहिनींना म्हणाली. "चार."

हसू थांबायला थोडा वेळ लागला. मी सगळ्यात शेवटी थांबलो.

"आता विचारत नाही तुम्ही, म्हणून सांगते. मी विरोधात दिलं. या टेबलावर शब्द दिला होता ना? आडोशाला इतका वेळ उभी राहिले की मागच्या बायका खोकायला लागल्या. माझ्या विभागातल्या दोघींची घरं जाणार होती. अप्पा समोर चिठ्ठ्यांचा डबा धरून बसले होते. तरी दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हा चौघांनाही यंत्र नको होतं. मंगळवारी इथे बसून कोणीतरी एवढं म्हणायचं होतं. एकाने. मग मला अप्पांच्या विरोधात लिहावं लागलं नसतं."

दादा म्हणाला, "चुकलं आमचं."

तो 'आमचं' म्हणाला, 'माझं' नाही, हे आत्याने लगेच त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने दुरुस्त केलं. आईने सूनबाईला जवळ बोलावलं, ती गेली, आईच्या शेजारी बसली. मग ती रडली. वहिनींनी तिच्यासमोरचं गार झालेलं ताट उचलून नेलं आणि गरम वाढून आणलं, आणि तिला खायला लावलं. वहिनी कोणाची माफी मागत नाहीत, वाढतात.

चार वाजता दादाने व्याह्यांना फोन करून योजना मागे घेतल्याचं कळवलं. यंत्र येणार नाही, एकही व्हॅनवाला जाणार नाही, यादी रद्द. व्याह्यांनी मनापासून अभिनंदन केलं आणि मग कलम एकोणीस वाचून दाखवलं. ठरलेला संप मागे घ्यायचा तर सर्वसाधारण सभाच घेऊ शकते आणि सभेला सात दिवसांची सूचना लागते. मालकाच्या तोंडी आश्वासनांवर विसंबून राहू नये म्हणून बाबांनी हे कलम घातलं होतं, आणि तेव्हा मालक ते स्वतःच होते. त्यामुळे सोमवारपासून आमच्या कारखान्यात सात दिवस अशा योजनेविरुद्ध संप झाला जी आता कोणाचीच नव्हती. शिवाय संपाच्या काळात कार्डवाल्याला आत जायची बंदी. आत जाऊ शकणारी घरातली एकच व्यक्ती होती, ती वहिनी. त्या पूर्ण आठवडा दादाच्या खुर्चीत बसून फोन घेत होत्या, आणि नंतर कळलं की त्यांनी तीन नव्या दुकानदारांना माल द्यायचं कबूल करून टाकलं होतं. एवढे दुकानदार मी दोन वर्षांत आणले नव्हते.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही पाचही जण गेटवर होतो. उजाडत होतं, गारठा होता. चाळीस व्हॅन भिंतीला लागून रांगेत उभ्या होत्या आणि भट्टीच्या धुराड्यातून काही निघत नव्हतं. कामगारांना आधी वाटलं मालक बोलणी करायला आलेत. दादाने कार्ड दाखवलं तेव्हा लोकांनी सरकून त्याला जागा करून दिली. अकरा नंबरच्या फेरीचा सध्याचा माणूस त्याच्याशी फेरीतल्या वळणांबद्दल बोलायला लागला, आणि दादाच्या कपाळावरच्या आठ्या मी जन्मात पहिल्यांदा गेलेल्या पाहिल्या. सात नंबरवाल्याने आईसाठी व्हॅनमधून खुर्ची काढली. आत्या घोषणा द्यायला पुढे जाऊन उभी राहिली होती आणि घोषणा कशाविरुद्ध द्यायची यावर तिची नि व्याह्यांची बारीकशी चर्चा चालली होती.

व्याही मग माझ्याजवळ आले. त्यांनी सांगितलं की त्यांनी शुक्रवारी घरोघर जाऊन अंदाज घेतला होता आणि त्यांच्याकडे पक्की एकशे पंधरा मतं होती. वरची चार कुठून आली, ते त्यांना अजून उमगलेलं नव्हतं. मी म्हणालो, असतात असे काही लोक. सूनबाई थोड्या अंतरावर उभी होती. ती आली, वडिलांना बाजूला घेऊन गेली आणि त्यांना काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली आणि तिला आपल्या शेजारी, रांगेत पहिल्या जागी उभं केलं.

मला फार बरं वाटलं. सगळं मार्गी लागलं होतं. मी चहाचे दोन कप घेतले, तिच्याकडे गेलो, एक तिला दिला आणि चेष्टेने म्हणालो की शेवटी तुझ्यामुळे आम्हा सगळ्यांना तोंड उघडायची बुद्धी झाली, आता या संचालकालाही संपातली एखादी जबाबदारी दे.

तिने कप घेतला. आदर राखूनच बोलली, माझ्याशी ती नेहमी तशीच बोलते.

"मी पेन मागितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होता. आत्याआजी पहिल्या बोलल्या. मग आजी. तुम्ही तिसरे होतात, काका."

मी इथवर स्वतःची बरीच टिंगल केली आहे. या वाक्यावर काय करावं, ते मला तेव्हा सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही. मी चहा घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.